‘झोपवूनच काढा’ म्हणणाऱ्या बाईंची अक्कलदाढ

हे प्रकरण पुण्यातल्या एका छोट्या रुग्णालयातलं. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषधं आणि घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे. मी यात भूलतज्ज्ञ म्हणून होतो. काही भयंकर घडलं म्हणून हे प्रकरण निवडलेलं नाही. दाढ नीट निघाली, बाई संध्याकाळी घरी गेल्या. तरी आठवड्याभराने टाके काढायला आल्या तेव्हा त्या ठामपणे म्हणत होत्या, "मला भूल चढलीच नव्हती." आणि आमच्या नोंदी सांगत होत्या की जेवढी चढायला हवी तेवढीच चढली होती. दोघांचंही खरं होतं. ते कसं, हे कळायला गोष्ट पहिल्या भेटीपासूनच सांगावी लागेल.

पार्श्वभूमी

बाईंचं वय ५३. प्राथमिक शाळेत शिक्षिका, राहायला सिंहगड रस्त्याच्या बाजूला. रक्तदाबासाठी रोज अम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची एक गोळी. साखर नाही, दमा नाही, दोन्ही बाळंतपणं साधी, त्यामुळे भूल म्हणजे काय याचा अनुभव शून्य. उंचीच्या मानाने वजन जास्त, बीएमआय ३१. सकाळी मिश्री लावायची सवय आईकडून आलेली. ती शाळेत कुणाला माहीत नव्हती आणि दाढ काढणाऱ्या सर्जननी हिरड्या पाहून थेट विचारलं तेव्हाच बाहेर आली.

वर्षभरात उजव्या खालच्या अक्कलदाढेवरची हिरडी तीनदा सुजली. दर वेळी प्रतिजैविकांचा कोर्स, गरम पाण्याच्या गुळण्या, आठ दिवस बरं, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. तिसऱ्या वेळी तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. ओपीजीमध्ये, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये, दाढ हाडात पूर्ण आडवी पडलेली दिसली, तोंड पुढच्या दाढेकडे. खालच्या ओठाची संवेदना नेणारी नस मुळांच्या जवळून जाते, म्हणून सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, केला. नस आणि मूळ यांच्यात थोडं अंतर होतं. डावीकडची अक्कलदाढही तिरकी होती, पण गप्प होती.

दाढ काढायची हे ठरलं. कशी काढायची यावर गाडी अडली. बाई नऊ वर्षांच्या असताना गावाकडे त्यांची दाढ दोघांनी धरून काढली होती. सुई टोचली होती म्हणे, पण ती लागू व्हायच्या आधीच. तेव्हापासून दातांच्या दवाखान्याची पायरी त्या चढल्या त्या एकदाच, आणि तेही सिमेंट भरून घ्यायला. सर्जनसमोर बसल्याबसल्या पदर मुठीत धरून त्यांनी सांगितलं, "डॉक्टर, मला झोपवूनच काढा. जाग असताना तोंडात काही जाणार नाही."

अडचण

सर्जनचा मला फोन आला तो असा: "पेशंट लोकलला तयार नाही आणि मला जीएची गरज वाटत नाही. बघतोस का एकदा?" लोकल म्हणजे फक्त तेवढी जागा सुन्न करणारी भूल, जीए म्हणजे पूर्ण भूल.

भीती हा प्रश्नाचा सोपा भाग होता. अवघड भाग तपासणीत समोर आला. बाई घोरतात का, असं विचारल्यावर यजमान हसले आणि म्हणाले, "मी पाच वर्षं हॉलमध्ये झोपतोय, त्यावरून ओळखा." झोपेत श्वास अडकतो का, हे मग हॉलमधल्या माणसाला सांगता येईना. दुपारी वह्या तपासताना डोळा लागतो, हे बाईंनी स्वतःच सांगितलं. घोरणं, दिवसा पेंग, रक्तदाब आणि पन्नाशीच्या पुढचं वय: झोपेतल्या श्वासरोधाचा धोका जोखायची स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची यादी आहे, तिच्यात चार गुण झाले. तीन-चार म्हणजे मध्यम धोका. जीभ बाहेर काढायला लावली तर पडजीभेचं नुसतं मूळ दिसत होतं.

याचा अर्थ असा की शांत करणारं कुठलंही औषध जरा जास्त झालं, की बाईंचा घसा सैल पडून श्वासाची वाट अरुंद होणार. त्यातून काम तोंडातच. सर्जनचे हात, ड्रिलचं पाणी, रक्त आणि रुग्णाचा श्वास, सगळ्यांना एकच दार. गुडघ्याच्या किंवा हर्नियाच्या ऑपरेशनला भूलतज्ज्ञ डोक्याशी बसून वायुमार्गावर राज्य करतो. दाढेच्या ऑपरेशनला तो पाहुणा असतो.

समोरचे पर्याय

नुसती लोकल भूल. वैद्यकीय दृष्टीने सगळ्यांत सुरक्षित, आणि अशा बहुतेक दाढा याच भुलेवर निघतात. सर्जननी एकदा प्रयत्नही केला होता. बाईंनी सिरिंज पाहून हात धरला. नाडी ११८. जबरदस्तीने रेटलं असतं तर नऊ वर्षांच्या मुलीची गोष्ट त्रेपन्नाव्या वर्षी पुन्हा घडली असती.

नाकाने घ्यायचा नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लोकांच्या भाषेत हसवणारा वायू. छान, सौम्य, बंद केला की काही मिनिटांत उतरतो. पण तो नाकाने नीट ओढावा लागतो, आणि बाईंना नाकावर काही ठेवलं की गुदमरायला होतं. मास्क पाहूनच नकार आला.

पूर्ण भूल. बाईंना मनातून हेच हवं होतं. यात नाकातून श्वासनळीत नळी घालावी लागते, श्वास आम्ही देतो, वाट सुरक्षित राहते. पण अर्ध्या-पाऊण तासाच्या कामासाठी हा सगळा व्याप, आणि घोरणाऱ्या माणसाची नळी काढल्यानंतरचे पहिले काही तास हे वेगळं जोखमीचं प्रकरण. यजमानांनी इथे एक व्यावहारिक शंका काढली: चोवीस तास भरती दाखवली तर मेडिक्लेम बसेल का? अपघात सोडला तर दातांचे उपचार बहुतेक पॉलिसींत वगळलेलेच असतात, हे त्यांना सांगितलं. आणि भूल कुठली द्यायची ते क्लेमच्या फॉर्मवरून ठरवायचं नसतं, हेही. त्यांना ते फारसं पटलं नाही.

उरलं ते शिरेतून सेडेशन, म्हणजे शिरेतून औषध देऊन रुग्णाला शांत, गुंगीत ठेवणं. त्यातही दोन वाटा होत्या. मिडॅझोलाम या शांत करणाऱ्या औषधासोबत फेन्टॅनिल किंवा प्रोपोफॉल दिलं तर रुग्ण जवळजवळ झोपतो, सर्जनचं काम भराभर होतं, आणि अनेक ठिकाणी हेच करतात. पण दोन शामक औषधं एकत्र आली की श्वासावरचा दाब नुसत्या बेरजेपेक्षा जास्त असतो. या बाईंसाठी ती वाट मी सोडून दिली. ठरलं ते असं: एकटं मिडॅझोलाम, थेंबाथेंबाने, हाक मारली की उत्तर येईल इथपर्यंतच. दुखणं थांबवायला नेहमीचं लिग्नोकेन हिरडीत.

हा मुद्दा लोकांना सांगूनही पोहोचत नाही, म्हणून थोडा सविस्तर. मिडॅझोलाम वेदना मारत नाही. ते काम लोकलचंच. शिरेतलं औषध भीतीची धार बोथट करतं आणि दिल्यानंतरच्या काही काळाची आठवण धरू देत नाही. रुग्ण डोळे मिटून पडलेला असतो, "तोंड उघडा" म्हटलं की उघडतो, पुटपुटतोही. बाहेरून पाहणाऱ्याला तो जागा वाटतो. नंतर त्याला स्वतःला मात्र वाटतं की आपण झोपलो होतो, कारण मधलं काही आठवत नाही. झोप लागल्याचा हा भास आठवण पुसली जाण्यावर उभा असतो, आणि आठवण पुसली जाईलच याची हमी कुणी देऊ शकत नाही. ती तुकड्यातुकड्याने पुसते.

जागा कुठली, हाही निर्णय होता. सर्जनच्या दवाखान्यात प्राणवायूचा सिलिंडर आणि रक्तातला प्राणवायू दाखवणारा, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर होता. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र, म्हणजे कॅप्नोग्राफ, नव्हता. घोरण्याचा इतिहास नसता तर चाललं असतं की नाही यावर आमच्यात मतभेद आहेत. या रुग्णासाठी मतभेद नव्हता. सर्जन जिथे मोठी ऑपरेशनं करतात त्या रुग्णालयाचं छोटं थिएटर घेतलं. खर्च वाढला. झोपेची तपासणी आधी करून घ्यावी का, यावरही बोलणं झालं. हिरडी पुन्हा सुजायच्या आत काम उरकायचं होतं, म्हणून तपासणी नंतर करायची आणि सेडेशन हलकं ठेवायचं असा मधला मार्ग काढला. उजवी दाढ आधी, आणि सगळं सुरळीत असेल तर त्याच बैठकीत डावी.

तारीख मे महिन्याच्या सुट्टीतली. दुसऱ्या दिवशी बाईंना बहिणीसोबत हक्कसोडपत्रावर सही करायला रजिस्ट्रार ऑफिसला जायचं होतं. सेडेशननंतर चोवीस तास गाडी चालवायची नाही, गॅसपाशी एकटं उभं राहायचं नाही आणि कुठल्याही कायदेशीर कागदावर सही करायची नाही. माणूस चांगला बोलत-चालत असतो, पण काय वाचलं ते डोक्यात टिकेलच असं नाही. सही दोन दिवस पुढे ढकलली. हे आधी विचारलं म्हणून कळलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी

वेळ साडेदहाची. बाई दहाला हजर, सोबत यजमान. सिस्टरनी विचारलं, "काकू, सकाळपासून काही खाल्लं नाही ना?" "नाही हो, काहीच नाही." मी पुन्हा विचारलं, "चहा?" "चहा घेतला अर्धा कप, साडेसहाला. त्याबरोबर बीपीची गोळी. पण खाल्लं काही नाही."

दुधाचा चहा पोटाच्या हिशेबात पाणी नसतो. पाणी किंवा कोरा चहा दोन तासांत पुढे सरकतो. दूध पडलं की ते हलकं खाणं, त्याला सहा तास धरायचे. साडेसहाचा चहा म्हणजे साडेबारापर्यंत थांबणं आलं. इथे पहिला खरा निर्णय. रुग्ण बोलता राहील इतक्या हलक्या सेडेशनसाठी उपाशी असण्याची सक्ती ब्रिटनमधल्या दंतवैद्यकात नाही. सर्जननी तो मुद्दा काढला, आणि तो चुकीचा नव्हता. त्यांची दुपारची ओपीडी दुसरीकडे होती. पण हलकं सेडेशन हलकंच राहील हे या घशाच्या बाबतीत गृहीत धरायची माझी तयारी नव्हती. उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊ नये यासाठी जो खोकला लागतो, तोच औषधाने मंद होतो. एक वाजता घ्यायचं ठरलं. यजमान घड्याळाकडे बघत म्हणाले, "एक वाजता? पुण्यात?" थिएटरमधलं वातावरण तेवढ्याने निवळलं.

थांबण्याचा एक फायदा झाला. हाताच्या पाठीवर सुन्न करणारं मलम लावून ठेवायला तासभर मिळाला. एरवी ते घाईत राहूनच जातं. शीर घेताना बाई दुसरीकडे बघत होत्या, आणि सुई गेल्यावर त्यांनी विचारलं, "कधी टोचणार?"

दुसरी गोष्ट त्या तासात गप्पांमधून निघाली. कागदावर "चालू औषधं" या रकान्यात फक्त बीपीची गोळी होती. मी सहज म्हटलं, "रात्री झोप लागली का भीतीने?" त्या म्हणाल्या, "लागली की. अर्धी गोळी घेतली ना." कुठली अर्धी? क्लोनाझेपाम, मिडॅझोलामच्याच कुळातली. शेजारच्या वहिनींनी सुचवलेली, महिन्यातून चार-पाच वेळा, परीक्षेच्या दिवसांत जास्त. ती औषधांत धरायची असते असं त्यांना वाटलंच नव्हतं. हे औषध शरीरात दीड-दोन दिवस तरी रेंगाळतं. काल रात्रीची मात्रा आज दुपारच्या मिडॅझोलामच्या खाली गादीसारखी अंथरलेली असणार होती. रद्द करण्याइतकं हे मोठं नव्हतं, पण पायरी बदलली: एका वेळी १ मिलिग्रॅमऐवजी अर्धा, आणि प्रत्येक पायरीनंतर पूर्ण दोन-तीन मिनिटं थांबायचं.

एकला पाच कमी असताना सुरुवात केली. पाठ निम्मी उठवलेली, नाकाला प्राणवायूची दोन टोकांची नळी, तिलाच जोडून कार्बन डायऑक्साइड मोजणारी बारीक नळी. रक्तदाब १६८/९६, नाडी ११२. पहिल्या अर्ध्या मिलिग्रॅमने काही नाही. दुसऱ्यानंतर खांदे खाली आले. तिसऱ्यानंतर मी त्यांना शाळेबद्दल विचारलं. त्या सांगत होत्या, "आमच्याकडे तिसरीला... तिसरीला..." आणि वाक्य तिथेच तरंगत राहिलं. पापण्या अर्ध्यावर. हाक मारली तर "हं" म्हणत होत्या. एकूण दीड मिलिग्रॅम. रक्तदाब १३८/८४.

सर्जननी लोकल टोचलं. कपाळावर एक आठी पडली आणि गेली. हिरडी उघडली, हाड कोरलं. खालच्या जबड्याच्या मागच्या भागात हाड कापताना सर्जनचा हात नकळत हनुवटीवर दाब देतो आणि जबडा खाली-मागे जातो. मी पडद्याकडे पाहत होतो. कॅप्नोग्राफची लाट एका लयीत चालते, प्रत्येक श्वासाला एक सपाट माथ्याची टेकडी. बाराव्या-तेराव्या मिनिटाला टेकड्या बुटक्या झाल्या, मग एक पूर्ण गेली. रेघ सपाट. ऑक्सिमीटर मात्र ९८ दाखवत होता, एकदम प्रसन्न. नाकाला प्राणवायू चालू असला की रक्तातला साठा उशिरा घटतो. श्वास थांबलेला असतो आणि बोटावरचा आकडा अजून कालचीच बातमी सांगत असतो.

"थांब," मी म्हटलं. ड्रिल बाहेर आलं. सहायकाने दोन्ही कोनांखाली बोटं घालून जबडा पुढे उचलला. "बाई, मोठा श्वास घ्या." काही नाही. जरा जोरात, वर्गात मारावी तशी हाक: "बाई! मोठा श्वास!" छाती उचलली, घरघर झाली, टेकडी परतली. आकडा एव्हाना ९१ पर्यंत उतरला होता, दोन-तीन श्वासांत ९७ वर आला. सगळं मिळून मिनिटभराचं नाट्य, पण त्या मिनिटात दुसरा मोठा निर्णय दडलेला होता.

उताऱ्याचं औषध, फ्लुमॅझेनिल, ट्रेमध्ये ओढून ठेवलेलं होतं. द्यायचं का? हाकेला ओ मिळत होती, अडथळा जबड्याच्या स्थितीचा होता, म्हणून दिलं नाही. दिल्यावर रुग्ण ताडकन जागा होतो, अर्धवट कापलेल्या दाढेसह. शिवाय त्याचा अंमल तासाभरात ओसरतो आणि खालचं शामक पुन्हा डोकं वर काढू शकतं. रोज झोपेची गोळी घेणाऱ्यांत तर झटका येण्याची भीती असते. जबडा धरून काम पुढे न्यायचं, सर्जननी हात हलका ठेवायचा, आणि यापुढे मिडॅझोलामचा एक थेंबही द्यायचा नाही, असं ठरवलं.

या शेवटच्या कलमाची किंमत कोणी मोजली, ते पुढे येतंच.

दाढ दोन तुकडे करून काढली. पहिला तुकडा सहज आला. दुसरा हलवताना ‘कट्’ असा मोठा आवाज झाला, सर्जन म्हणाल्या, "झालंच, अजून थोडं," आणि तोही आला. मिठाच्या पाण्याने धुऊन तीन टाके. पस्तीस मिनिटं. शीर होतीच, तिच्यातून सुजेसाठी डेक्सामेथासोन आणि दुखण्यासाठी पॅरासिटामॉल दिलं. डाव्या दाढेबद्दल सर्जननी माझ्याकडे पाहिलं, मी नकारार्थी मान हलवली. डावीसाठी पुन्हा औषध वाढवावं लागलं असतं. ती राहू दिली.

घरी जाण्याआधी

रिकव्हरीत बाई छान दिसत होत्या. रंग चांगला, बोलणं स्पष्ट. "कधी सुरू करणार?" असं त्यांनी सिस्टरना विचारलं. झालं काकू, असं सांगितलं. दहा मिनिटांनी पुन्हा, "कधी सुरू करणार?" असं चार-पाच वेळा. त्यांच्या दृष्टीने प्रत्येक वेळ पहिलीच होती.

त्याच अर्ध्या तासात, यजमान औषधं आणायला खाली गेलेले असताना, त्यांना पथ्याची यादी तोंडी सांगण्यात आली: कापूस तासभर दाबून धरा, आज गुळण्या नाहीत, थुंकू नका, थंड आणि मऊ खा, मिश्री पंधरा दिवस बंद. बाईंनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. सिस्टरनी ‘समजावले’ या चौकटीत खूण केली.

चार वाजता त्या आधाराशिवाय चालल्या, रक्तदाब जागेवर, प्राणवायू न देता ९७. सोडायला हरकत नव्हती. मग खाली पार्किंगमध्ये यजमानांनी ॲक्टिव्हा काढली. "मागे घट्ट धरून बसते, दहा मिनिटांचा तर रस्ता आहे," बाई म्हणाल्या. सोबत जबाबदार माणूस हवा, हे आम्ही सांगितलं होतं. तो कशावर बसून येणार हे विचारलं नव्हतं. दुचाकींच्या शहरात हा प्रश्न यादीत पहिला असायला हवा. तोल आणि पकड दोन्हींचा भरवसा नसलेला माणूस मागच्या सीटवर बसवायचा नाही. थोडी हुज्जत झाली, मग मोबाईलवरून कॅब आली. स्कूटर रात्री मुलाने नेली.

निष्पत्ती

रात्री नऊला फोन. तोंडातून रक्त येतंय. बाईंनी चव घालवायला खळखळून गुळण्या केल्या होत्या, तीनदा. गुठळी हलली. यजमानांना फोनवरच ओल्या कापसाची घट्ट गुंडाळी अर्धा तास दाबून धरायला सांगितली, रक्त थांबलं. "पण तुम्हाला सांगितलं होतं ना गुळण्या नकोत म्हणून?" सर्जननी विचारलं. "मला कुणी काहीच सांगितलं नाही," बाई म्हणाल्या. यात खोटं काही नव्हतं. सांगितलेलं साठायची कोठारंच त्या वेळी बंद होती.

ओठाची संवेदना शाबूत. सूज तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त, मग ओसरली. मिश्री यजमानांनी लपवून ठेवली. टाके काढताना बाईंनी ते प्रसिद्ध वाक्य उच्चारलं. काय आठवतं, असं मी विचारलं. शाळेबद्दल बोललेलं आठवत नव्हतं. हिरडीतली सुई आठवत नव्हती, हाड कोरणं आठवत नव्हतं, माझी वर्गातली हाक आठवत नव्हती. आठवत होता तो ‘कट्’ आवाज आणि "अजून थोडं." दुखलं का? "नाही, दुखलं नाही. पण मी जागी होते. डॉक्टर म्हणाल्या होत्या, कळणारही नाही."

दुरुस्तीची जागा इथे आहे. भेटीत मी सांगितलं होतं, "हाकेला ओ द्याल, पण बहुतेक आठवणार नाही." सर्जननी, धीर देताना, प्रेमाने म्हटलं होतं, "तुम्हाला कळणारही नाही." दोन वाक्यं दोन डॉक्टरांची. बाईंनी जे हवं ते ठेवलं, कुणीही ठेवेल. श्वास मंदावल्यावर आम्ही औषध थांबवलं, शेवटच्या पंधरा मिनिटांत त्याचा अंमल उतरत गेला, आणि आठवणीचं दार किलकिलं झालं नेमकं सर्वांत मोठ्या आवाजाच्या वेळी. त्यांच्या बाजूने ती फसलेली भूल. आमच्या बाजूने ती निर्धोक ठेवलेली भूल.

झोपेची तपासणी महिन्याभराने झाली. मध्यम तीव्रतेचा श्वासरोध निघाला, तासाला बावीस वेळा श्वास अडकत होता. हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं, रात्री लावायचं सीपॅप यंत्र घरी आलं. सकाळचा रक्तदाब आता बरा असतो असं त्यांचे फिजिशियन सांगतात. यजमान अजून हॉलमध्येच झोपतात, आता यंत्राच्या आवाजामुळे.

वेगळं काय करता आलं असतं

झोपेची तपासणी आधी करायला हवी होती का? हिरडी पुन्हा सुजायची भीती खरी होती, पण एक महिना काढता आला असता असं आता मला वाटतं. सर्जनना तसं वाटत नाही. निकाल आधी हाती असता तरी योजना फार बदलली नसती. सीपॅप यंत्र रिकव्हरीत सोबत आणायला सांगितलं असतं आणि देखरेख तास-दोन तास वाढवली असती.

फोनवरची सूचना बदलली आहे. "काही खाऊ-पिऊ नका" याऐवजी आता सिस्टर वाचून दाखवतात: दूध नाही, दुधाचा चहा नाही, कॉफी नाही, ताक नाही, पाणी अमुक वाजेपर्यंत. औषधांचं विचारतानाही, "झोपेसाठी, टेन्शनसाठी, काढा, अश्वगंधा, कुणाकडून घेतलेली अर्धी गोळी" असं एकेक नाव घेऊन विचारतात. अर्ध्या गोळीला दर आठवड्याला कुणीतरी हो म्हणतं.

पथ्य आता मराठीत छापलेलं आहे आणि ते सोबतच्या माणसाच्या हातात, त्याच्याकडून परत वदवून घेऊन दिलं जातं. रुग्णालाही सांगतात, पण ते सौजन्य म्हणून. नेण्यासाठी चारचाकी किंवा रिक्षा आहे का, हे तारीख देतानाच लिहून घेतलं जातं.

सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांनी रुग्णाशी एकत्र बसून एकदाच बोलावं, हा बदल सांगायला सोपा आणि जमवायला सर्वांत कठीण ठरला आहे. भूलतज्ज्ञ दिवसात तीन-चार रुग्णालयांत फिरतो, सर्जनची ओपीडी वेगळ्याच वेळेला. तूर्त आम्ही एक परिच्छेद ठरवून घेतला आहे, जो दोघांनीही तसाच म्हणायचा: तुम्ही जागे आणि झोपेच्या मधे असाल, दाब आणि आवाज जाणवू शकतो, दुखलं तर हात वर करा, काही तुकडे नंतर आठवतील, त्याचा अर्थ औषध चढलं नाही असा नव्हे, आणि श्वास मंदावला तर आम्ही औषध थांबवू, मग जास्त आठवेल.

डावी दाढ अजून आहे. मधे एकदा ठणकली. बाईंनी सेडेशनच मागितलं आहे, पूर्ण भूल नको म्हणाल्या, एक अट घातली आहे की दाढ मोडायच्या आधी त्यांना सांगायचं, "आता मोठा आवाज होईल." दिवाळीच्या सुट्टीतली तारीख दिली आहे, सकाळी पहिला नंबर, कॅप्नोग्राफसह त्याच थिएटरमध्ये, आणि सीपॅप सोबत.